ऊन लागलेली कॅसेट

लातुरात कुणाच्या माळ्यावर काय पडलंय, हे जनगणनेवाल्यांपेक्षा माझ्या धाकट्या भावाला जास्त ठाऊक आहे. आमच्या गावाची रीतच तशी. पोरगं नववीत गेलं की क्लासची फी भरतात, केबल काढतात आणि टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम पोत्यात बांधून माळ्यावर चढवतात. पोरगं पुढं डॉक्टर होतं, नाहीतर होत नाही. गेम मात्र वरच राहतो. वीरेश अशी घरं हेरून ठेवतो. आधी पोराची चौकशी करतो, ‘डॉक्टरसाहेब कुठं असतात सध्या?’ मग चहा घेतो. मग छताकडं बघत विचारतो, ‘माळ्यावर जुनं काही पडलंय का हो?’

बदल्यात तो तूरडाळ देतो. आमची छोटी डाळमिल आहे, तिथली. लोक पैसे घ्यायला लाजतात, डाळीला कुणी नाही म्हणत नाही. व्हिडिओ गेमच्या व्यवहारात तूरडाळ चालवणारा दुसरा माणूस कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा.

मी अंबिका, त्याची थोरली बहीण. सासर दोन गल्ल्या सोडून, म्हणून माहेरचा सगळा तमाशा मला पहिल्या रांगेत बसून बघायला मिळतो. वीरेश आता चाळिशी ओलांडून गेलाय, दोन मुली आहेत, दिवसभर मिलवर बसतो. संध्याकाळी कपाळावर भस्म लावून देवाला हात जोडतो आणि जिना चढून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जातो. तिथं त्याचा संसार मांडलेला. लाल-पांढरी मशीनं, काळी मशीनं, वायरींची भेंडोळी, आणि कॅसेटी. आमच्या लहानपणी गेमच्या त्या डबीला कॅसेटच म्हणत. मशीनच्या डोक्यावर खुपसायची. चित्र आलं नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. फुंकर मारणं हे आमच्या पिढीचं इंजिनिअरिंग.

अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे काही पटत नाही. “लोक सोनं जमवतात, आमचा दिवटा भंगार जमवायलाय,” असं ते मिलवर आलेल्या प्रत्येकाला सांगतात. पण या भंगाराचं मूळ अप्पाच आहेत. वीरेश दहावीत गेला तेव्हा त्यांनी त्याचा गेम तुरीच्या पोत्यात घातला आणि कुणाला देऊन टाकला ते आजवर सांगितलेलं नाही. पोरानं तीन दिवस जेवण सोडलं. दहावीत गणित राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून तो लोकांच्या माळ्यावर आपलाच गेम शोधतो, असं माझं मत आहे. तो नाही म्हणतो. नाही तर नाही.

या माणसाची एक सवय सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं घर डाळीवाल्यांचं. पावसाळ्याआधी ऊन दाखवलेलं धान्य वर्षभर किडत नाही, हा आमच्या अव्वाचा म्हणजे आईचा नियम. मे महिना आला की आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. डाळ, गहू, मिरच्या, गाद्या, कुरडया, सगळं उन्हात. वीरेशनं हाच नियम आपल्या संसाराला लावला. दर मे महिन्यात तो कॅसेटी खोलतो, आतल्या हिरव्या पट्ट्या बाहेर काढतो, त्यांच्यावरचे जुने चिकट कागद, डिंक, मळ स्पिरिटनं पुसतो आणि अव्वाच्या जुन्या लुगड्यावर कुरडयांशेजारी मांडून ठेवतो. आठवडाभर ऊन खाऊ देतो. दमट वास जातो, मुंग्या जातात. गेली कितीतरी वर्षं असं चाललंय आणि एकही कॅसेट बिघडली नाही. आता सांगा, कोण त्याला चूक म्हणेल?

दुसरी गोष्ट त्याच्या तत्त्वाची. हल्ली बोटाएवढी काडी मिळते. टीव्हीच्या मागं खोचली की दहा हजार जुने गेम सुरू. मशीन नको, कॅसेट नको, फुंकर नको. अशा काड्या भरून विकणारा एक रविकिरण नांदेडला असतो. जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरला जोडून तो आतला गेम उतरवून घेतो आणि काडीत घालतो. वीरेशचा तो जुना दोस्त. कॅसेटींची अदलाबदल दोघांत कायम चालते. पण काडीचा विषय निघाला की वीरेश पेटतो. “त्याच्यात तर कुठंबी मधीच थांबून जागा राखून ठेवता येती. मेलं की तिथूनच पुन्हा सुरू. ह्याला काय खेळणं म्हणत्यात व्हय? ही चोरी हाय चोरी.” माझा भाऊ मिलवर डाळ मापताना सुद्धा एवढा सोवळा नसतो.

मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडं बुद्धप्रिया आली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मूळची हिमायतनगरची. वीरेशच्या धाकट्या मुलीला डेंग्यू झाला होता तेव्हा हिच्याच वॉर्डात होती. तिथं त्याच्या तोंडून गेमचं पुराण तिनं ऐकलं असणार, कारण ते ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नसते. तिनं पिशवीतून पिवळी पडलेली एक कॅसेट काढली. वर कंपनीचं चित्र नाही, नाव नाही, काही नाही.

“माझ्या पप्पांनी केलेली आहे,” ती म्हणाली.

तिचे वडील आनंदराज नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक होते. चिपवर लिहायचं यंत्र तिथं होतं. पोरीला गेमचं वेड, म्हणून त्यांनी बाजारातला एक उड्या मारायचा गेम घेतला आणि कॉलेज सुटल्यावर बसून त्यातली चित्रं बदलली. पळणाऱ्या पोराला दोन वेण्या काढल्या. सुरुवातीच्या पाटीवर मराठीत नाव घातलं, बुद्धप्रिया. अक्षरं वेडीवाकडी, त्यातलं जोडाक्षर तर अगदी चेंगरून बसवलेलं. वीरेशनं कॅसेट खुपसली आणि ते नाव जुन्या टीव्हीवर उमटलं तेव्हा ती बाई रडली. खोटं कशाला सांगू, मी पण रडले. वीरेश फुंकर मारल्यासारखं करत तोंड फिरवून उभा राहिला.

“शेवटाला तुझ्यासाठी काहीतरी लिहिलंय, म्हणायचे,” तिनं सांगितलं. “काय ते सांगायचे नाहीत. खेळून बघ म्हणायचे. मला कधी शेवटापर्यंत जाताच आलं नाही. मग मशीन बिघडलं, मी शिकायला हॉस्टेलवर गेले. मागच्या साली पप्पा गेले.”

वीरेश म्हणाला, “मी काढून देतो की शेवट. दोन दिवसांत.”

“नको दादा. तुम्ही खेळायचं नाही. माझ्या आधी कुणी बघायचं नाही.”

त्यानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून कबूल केलं. आणि त्यानं शब्द पाळला, हे मी शपथेवर सांगते, कारण पाळताना त्याच्या हातांची जी तगमग व्हायची ती मी पाहिलीय.

मग ड्युटी नसेल त्या रविवारी बुद्धप्रिया यायची. अव्वा तिला धपाटे करून घालायची. दोन वेण्यांची पोरगी खड्ड्यात पडायची, काट्यांवर पडायची, आणि तीन वेळा पडली की पुन्हा पहिल्यापासून. जुन्या मशीनवर दुसरा इलाज नाही. उन्हाळा लागेपर्यंत ती बरीच पुढं गेली होती, पण शेवटचा किल्ला काही येईना. मी वीरेशला एकदा म्हटलं, “त्या रविकिरणच्या काडीत घालून दे की. बिचारी लवकर सुटंल.” तर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

पुढं चित्र थरथरायला लागलं. कॅसेटमधली एक पिन सुटली होती. डागकाम रविकिरणसारखं कुणाला येत नाही, म्हणून वीरेश कॅसेट घेऊन नांदेडला गेला आणि दोन दिवसांसाठी त्याच्याकडं ठेवून आला. डागकाम तर बहाणा होता, खरं म्हणजे त्याला ती मिरवायची होती. घ्यायला गेला तर रविकिरणच्या कॉम्प्युटरवर दोन वेण्यांची पोरगी उड्या मारत होती. त्यानं न विचारता गेम उतरवून घेतला होता.

“असली चीज एकच प्रत ठेवत्यात का येड्या?” रविकिरण म्हणाला. “उद्या काय झालं तर?”

वीरेश कशाचा ऐकतो! बाईच्या बापाची वस्तू, बाईला न विचारता घेतोस, लाज वाटत नाही का, वगैरे वगैरे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्याचा आवाज चूक होता. भर दुकानात तमाशा केला आणि आपल्या डोळ्यांदेखत ती प्रत पुसायला लावली. रविकिरणनं पुसली. वीरेश कॅसेट उचलून तरातरा बसस्टँडकडं निघाला. मागून रविकिरण काहीतरी ओरडत होता. यानं वळून पाहिलं नाही.

मे महिन्यात बुद्धप्रियाच्या भावाचं लग्न निघालं, त्यामुळं तीन-चार रविवार तिचं येणं झालं नाही. आणि आमच्या गच्चीवर ऊन पडलं.

वीरेशनं सगळ्या कॅसेटी खोलल्या. तिची सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू हातानं. तिच्या चिपवर एक काळी चिकटपट्टी होती, डिंक सुटून कडा काळवंडलेल्या. ती त्यानं सोलली, खालचा डिंक स्पिरिटनं पुसला. पट्टीखाली चिपला काचेची बारीकशी खिडकी होती. अशी खिडकी त्यानं आधी कधी पाहिली नव्हती. बाजारच्या कॅसेटीत ती नसते. त्याला वाटलं, हौशी माणूस, शोभेला केली असेल. मग चिपसकट ती हिरवी पट्टी त्यानं कठड्याजवळच्या कोपऱ्यात ठेवली. तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हलत नाही. सगळ्यात चांगली जागा त्यानं तिला दिली.

आठवड्यानं कॅसेट जोडून मशीनला लावली तर टीव्ही नुसता राखाडी. फुंकर मारली. राखाडी. दुसरं मशीन घेतलं. राखाडी. मग त्यानं रविकिरणला फोन लावला.

“पट्टी काढलीस का?” रविकिरणनं पहिलाच प्रश्न विचारला.

“काढली. ऊन दाखवलं.”

मग रविकिरण म्हणाला, “आरं बाबा, ती खिडकी पुसायसाठीच असती. कडक ऊन आत शिरलं की चिपवरचं समदं जातं. म्या वरडून सांगून राहिलो होतो, पट्टी काढू नको म्हणून. तू ऐकून घेतलं न्हाईस.”

वीरेश माझ्याकडं आला तो पायात चपला नसताना. ओट्यावर बसला आणि लहानपणी गेम गेल्यावर रडला होता तसा रडला. “अक्का, मी तिच्या बापाला पुसलं,” एवढंच म्हणत होता. मला त्याचा राग येत होता आणि दया येत होती, कोणतं जास्त ते सांगता येणार नाही. मी पाणी दिलं आणि म्हटलं, “ऊठ. आजच सांगायचं. उद्यावर टाकलंस तर कधीच सांगणार न्हाईस.”

आम्ही दोघं तिच्या खोलीवर गेलो. वीरेशनं एका दमात सगळं सांगितलं. पट्टी, स्पिरिट, ऊन, काही लपवलं नाही. बुद्धप्रिया पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. नर्स माणूस, वाईट बातमी द्यायची सवय, घ्यायची नसावी.

“सगळंच गेलं?”

“व्हय.”

ती कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, “पप्पा म्हणायचे, हिला ऊन लागू देऊ नको. मला वाटायचं, लाडानं म्हणतात. मीच तुम्हाला सांगितलं नाही, दादा.”

त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वीरेश मान खाली घालून बसला. तेवढ्यात फोन वाजला. रविकिरणचा. वीरेशचं त्याच्याशी इतकं भांडून झालेलं, तरी तो माणूस दिवसभर डोकं खाजवत बसला होता.

“ऐक. कॉम्प्युटरवरची तू पुसायला लावलीस,” तो म्हणाला. “पण ते दोन दिवस कॅसेट माझ्याकडं होती न्हवं, त्या दिवसांत म्या एक काडी भरली होती. ती विकली गेली. तिच्यात हाय.”

“कुणाला विकली?”

“शिरूर अनंतपाळच्या एका बाईच्या लेकानं नेली. नातवंडं सुट्टीला येत्यात म्हणून. धुरपताबाई नाव, पिठाची गिरणी हाय. टीव्हीला लावता येईना म्हणून मला फोन आलता, म्हणून नंबर हाय. यादीत शेवटून दुसरा गेम.”

ज्या काडीला माझा भाऊ चोरी म्हणत होता, त्या काडीत आता बुद्धप्रियाच्या बापाचा शेवटचा शब्द उरला होता. वीरेश म्हणाला, “मी आत्ता जाऊन काडी घेऊन येतो. पायजे तर पोतंभर डाळ देतो.”

बुद्धप्रिया उठली. “नको. आता त्याला कुणीच हलवू नका. आहे तिथं मीच जाते.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं शिरूर अनंतपाळला गेलो. धुरपताबाईची गिरणी दारातच, मागं दोन खोल्यांचं घर. साठीची बाई, भुवया पिठानं पांढऱ्या. वीरेशनं पाच किलो डाळीची पिशवी आधी पुढं केली आणि मग बोलायला सुरुवात केली. सवय जात नाही. सगळं ऐकून धुरपताबाई म्हणाली, “काडी घरातून न्यायची न्हाई बरं का. पोरं ऊर बडवून घेतील. हितं बसून काय बघायचं ते बघा.” दोन नातवंडांना तिनं गिरणीवर पिटाळलं आणि टीव्ही आमच्या ताब्यात दिला.

शेवटून दुसरा. दाबलं. वेडीवाकडी अक्षरं उमटली, बुद्धप्रिया. तिनं डोळे पुसले आणि रिमोट हातात घेतला.

पहिल्या तासात ती पाच-सहा वेळा मेली. शेवटच्या किल्ल्याशी आली की पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. वीरेश मागं बसून नखं खात होता. शेवटी तो पुढं सरकला.

“ताई, हे बटन दाबा. हितली जागा राखून ठिवती ती. पडलात तर हितूनच उठायचं.”

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. बुद्धप्रियानं विचारलं, “पप्पांना चाललं असतं का असं? खेळून बघ म्हणायचे ते.”

“आवं, खेळायलात तुम्हीच की,” वीरेश म्हणाला. “फकस्त दर बारीला पुन्हा घरापासून निघायचं न्हाई, एवढंच.”

तिनं बटण दाबलं.

दुपार झाली. गिरणीचा पट्टा फटफट चालू होता, दळण घेऊन बाया येत-जात होत्या. किल्ल्यात आगीचे गोळे होते, सरकत्या फळ्या होत्या. ती पडायची, उठायची, दोन पावलं पुढं जायची, बटण दाबायची. मग गिरणी थांबली. धुरपताबाई आत आली, आमच्यामागून चुलीशी गेली. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

दोन वेण्यांच्या पोरीनं शेवटची उडी मारली. फळीवर पडली, घसरली, सावरली, आणि दारातून आत गेली. टीव्ही काळा झाला. मला वाटलं, पुन्हा गेलं. वीरेशनं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

मग काळ्यावर पांढरी अक्षरं आली. एकेक करून, चेंगरून बसवलेली. चिपमध्ये जागा थोडी, त्यामुळं मोजकीच.

बुद्धप्रिया टीव्हीकडं बघत राहिली. हसली, मग तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. वीरेशनं मान फिरवली होती. आधी तिनं बघायचं, हे त्यानं शेवटपर्यंत पाळलं.

धुरपताबाईला वाचता येत नाही. ती परातीतले हात तसेच घेऊन दारात आली. “काय लिवलंय गं?”

बुद्धप्रियानं वाचून दाखवलं. “बास आता. जेवाय ये.”

धुरपताबाईनं क्षणभर टीव्हीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “मंग उठ की बाई. बाप बोलावतोय न्हवं. भाकरी टाकलीच हाय म्या.”

बुद्धप्रियानं रिमोट खाली ठेवला, टीव्ही बंद केला आणि हात धुवायला उठली.